कंटेनर उठत नाही? डिलीट करण्याआधी हे बघा

सोलापुरात इंजिनिअरिंग किंवा एमसीए करणाऱ्या मुलामुलींच्या हातात डॉकर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका पाकिटात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) बहुतेक वेळा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने येतं. कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं स्टॉक रजिस्टर बनवतं, कुणी नवी पेठेतल्या दुकानाचं बिलिंग. आपल्या लॅपटॉपवर सगळं छान चालतं आणि दुसऱ्या मशिनवर नेलं की कंटेनर उभाच राहत नाही. मग घाईघाईत कंटेनर डिलीट, इमेज (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो तो) डिलीट, सगळं पुन्हा बिल्ड. कधी त्याने काम होऊनही जातं. पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि कारखान्यात मालक समोर उभे असताना तेच पुन्हा होतं.

बंद पडलेल्या कंटेनरमध्ये तो का बंद पडला याचा पुरावा असतो. डॉकर आरएम (कंटेनर काढून टाकायची कमांड) मारलं की तो पुरावा जातो. म्हणून आधी वाचायचं, मग हात लावायचा. खालचा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतो: टॉवेल कारखान्याचं स्टॉक रजिस्टर. पायथनमधलं वेब ॲप, त्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस आणि दोन्ही एका कंपोज फाइलमध्ये (सगळे कंटेनर एकत्र कसे चालवायचे ते लिहिलेली फाइल). सर्व्हिसची नावं वेब आणि डीबी. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

कंटेनर म्हणजे छोटा कॉम्प्युटर नव्हे. तो तुमच्याच मशिनच्या लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालणारा एक प्रोसेस असतो. नेमस्पेसमुळे त्याला आपली वेगळी फाइल सिस्टिम, वेगळं नेटवर्क, वेगळी प्रोसेस यादी दिसते आणि सीग्रुप्समुळे त्याच्या रॅमवर, सीपीयूवर मर्यादा घालता येते. डॉकर लोकांसमोर आलं २०१३ मध्ये. कर्नलमधल्या या सोयी त्याच्याही आधीपासून होत्या.

यातून दोन गोष्टी निघतात. मुख्य प्रोसेस संपला की कंटेनर संपला, मग तो प्रोसेस काम पूर्ण करून थांबलेला असो की एरर येऊन पडलेला. दुसरं, विंडोजमध्ये लिनक्स कर्नल नसल्याने डॉकर डेस्कटॉप तो डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) मधून आणतं. डॉकर डेस्कटॉपच सुरू होत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू निवडून बघा, व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसतंय का. नसेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करायचं. कंपोज फाइल तासभर चाळण्याआधी हे बघून घ्या.

लिनक्सवर पहिल्याच कमांडला डॉकर सॉकेटबद्दल "परमिशन डिनाइड" आलं, तर तुमचा युजर डॉकर ग्रुपमध्ये नाही. ग्रुपमध्ये टाका, लॉगआउट होऊन परत लॉगिन करा. मात्र डॉकर ग्रुप म्हणजे जवळजवळ रूटचाच अधिकार. कॉलेज लॅबच्या सामायिक मशिनवर सरसकट सगळ्यांना तो देऊ नका.

पायरी पहिली: जिवंत आहे की गेला?

डॉकर पीएस -ए

यातला शेवटचा "-ए" महत्त्वाचा, कारण तो नसेल तर फक्त चालू कंटेनर दिसतात आणि आपल्याला हवा असलेला यादीतच नसतो. स्टेटसच्या रकान्यात "अप", "रीस्टार्टिंग" किंवा "एक्झिटेड" दिसेल. एक्झिटेडपुढे कंसात जो आकडा असतो त्याला एक्झिट कोड म्हणतात. नवी मंडळी तो वाचतच नाहीत, आणि निम्मं निदान तिथेच असतं.

० म्हणजे प्रोसेसने आपलं काम केलं आणि तो शहाण्यासारखा थांबला. नुसती उबुंटूची इमेज चालवली की हेच होतं. आतल्या शेलला टर्मिनल मिळालं नाही, करायला काही नाही, म्हणून तो संपतो. हा बिघाड नाही.

१ म्हणजे तुमचं ॲप स्वतः एरर देऊन पडलं. सरळ लॉगकडे जा.

१२५ आला तर डॉकरलाच कंटेनर सुरू करता आला नाही, बहुधा कमांडमधला एखादा पर्याय चुकला. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही. बऱ्याचदा एक्झिक्यूट परमिशन दिलेली नसते. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही.

१३७ वर थोडं थांबू. १२८ अधिक ९ म्हणजे १३७. ९ हा सिगकिल सिग्नल, म्हणजे प्रोसेसला बाहेरून मारलं. कुणी मारलं ते शोधायचं. डॉकर इन्स्पेक्ट करून "ओओएम किल्ड" ही ओळ बघा. तिथे "ट्रू" असेल तर रॅम कमी पडली. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे नेहमीचं, कारण डब्ल्यूएसएल २ ला मूळ सेटिंगमध्ये एकूण रॅमच्या निम्मीच मिळते. चार जीबीत डेटाबेस, ॲप आणि फ्रंटएंडचं बिल्ड एकदम बसत नाही. डॉकर स्टॅट्स चालवून कोण किती खातंय ते बघा, हवं तर डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा वाढवा. "फॉल्स" असेल तर वेगळं कारण असू शकतं: डॉकर स्टॉप आधी सिगटर्म पाठवतं, मूळ सेटिंगमध्ये दहा सेकंद वाट बघतं आणि मग सिगकिल करतं. तुमचं ॲप सिगटर्म ऐकतच नसेल तर प्रत्येक वेळी दहा सेकंद जाऊन १३७ च येणार. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) सीएमडी, म्हणजे ॲप सुरू करायची कमांड, चौकोनी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा, म्हणजे मधे शेल येत नाही आणि सिग्नल थेट ॲपला मिळतो.

१४३ म्हणजे सिगटर्म ऐकून थांबला, ठीक आहे. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट.

पायरी दुसरी: लॉग पूर्ण वाचा

डॉकर लॉग्ज --टेल १०० कंटेनरचं नाव

कंपोज वापरत असाल तर डॉकर कंपोज लॉग्ज वेब. हे बंद पडलेल्या कंटेनरवरही चालतं, फक्त तो काढून टाकलेला नसावा. म्हणून शिकत असताना डॉकर रनला "--आरएम" लावू नका. त्याने कंटेनर थांबताक्षणी लॉगसकट नाहीसा होतो.

पायथनचा एरर वाचताना शेवटची ओळ आधी वाचा, मग वर जाऊन तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव कुठे आलंय ते शोधा. लायब्ररीच्या वीस ओळी बघून घाबरून जाण्यासारखं काही नसतं. लॉग पूर्ण रिकामा असेल तर दोन शक्यता. ॲप आपला लॉग एखाद्या फाइलमध्ये लिहितंय. डॉकरला फक्त स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर दिसतं. किंवा पायथन आउटपुट बफरमध्ये धरून बसलाय. त्यासाठी पायथनअनबफर्ड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा.

आणि कृपा करून एरर स्वतःच्या शब्दांत आठवून सांगू नका. "काहीतरी कनेक्शनचं येतंय सर" यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "कनेक्शन टाइम्ड आउट" हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात मशिन सापडलं पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही, दुसऱ्यात तिकडून उत्तरच येत नाही.

पायरी तिसरी: आत शिरा

डॉकर कंपोज एक्झेक वेब एसएच

बॅश लिहिलं आणि "सापडत नाही" आलं तर इमेज बहुधा अल्पाइनवर (लिनक्सच्या अगदी छोट्या प्रकारावर) बांधलेली आहे. तिच्यात बॅश नसतो, एसएच असतो. आत गेल्यावर एलएस करून फाइल्स खरंच आहेत का, ईएनव्ही करून व्हेरिएबल पोचलेत का ते बघा.

कंटेनर सतत रीस्टार्ट होत असेल तर आत शिरेपर्यंत तो पुन्हा पडतो. अशा वेळी मूळ कमांड बाजूला ठेवून फक्त शेल उघडा:

डॉकर कंपोज रन --एंट्रीपॉइंट एसएच वेब

आता तुम्ही त्याच इमेजमध्ये आहात आणि ॲप सुरू झालेलं नाही. ॲपची कमांड हाताने टाइप करून चालवा. जिथे पडायचं तिथे ते तुमच्या डोळ्यांसमोर पडेल. मला ही सगळ्यात उपयोगी युक्ती वाटते.

इथेच एक नेहमीचा घोटाळा सापडतो. डेव्हलपमेंटच्या सोयीसाठी कंपोजमध्ये आपला सगळा फोल्डर कंटेनरच्या ॲप फोल्डरवर माउंट केलेला असतो. माउंट केलं की बिल्डच्या वेळी तिथे आलेल्या फाइल्स झाकल्या जातात. नोडच्या प्रोजेक्टमध्ये "मॉड्यूल नॉट फाउंड" येतो तो यामुळेच: इमेजमध्ये नोड मॉड्यूल्स होते, तुमच्या फोल्डरमध्ये नाहीत, आणि कंटेनरला आता तुमचाच फोल्डर दिसतोय.

कंटेनर चालू आहे, पण ब्राउझरमध्ये काही येत नाही

पोर्टची जोडी आधी तपासा. ८०८०:५००० यात डावीकडचा तुमच्या मशिनचा, उजवीकडचा कंटेनरच्या आतला. ॲप आत ५००० वर ऐकत असेल तर उजवीकडे ५०००च हवं. "पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड" आलं तर डावीकडचा आकडा बदलला की काम होतं.

जोडी बरोबर असूनही पान उघडत नसेल तर ॲप कोणत्या पत्त्यावर ऐकतंय ते लॉगमध्ये बघा. फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर आपणहून १२७.०.०.१ वर ऐकतो. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः. बाहेरून आलेलं कुणी तिथे पोचू शकत नाही. ॲपला ०.०.०.० वर ऐकायला सांगा. बस, एवढंच.

हाच नियम उलट दिशेने डेटाबेसला लागतो. लॅपटॉपवर चालणाऱ्या कोडमध्ये डेटाबेसचा होस्ट "लोकलहोस्ट" लिहिलेला असतो. तो तसाच कंटेनरमध्ये गेला की वेब कंटेनर स्वतःच्याच आत पोस्टग्रेस शोधतो आणि "कनेक्शन रिफ्यूज्ड" मिळतो. कंपोजमध्ये होस्टच्या जागी सर्व्हिसचं नाव लिहायचं, आपल्या उदाहरणात डीबी. पोर्ट मात्र आतला, म्हणजे ५४३२. बाहेर ५४३३ दिला असला तरी दोन कंटेनर आपसात बोलताना त्याचा संबंध येत नाही. कंपोज न वापरता कंटेनर वेगवेगळे सुरू केले असतील, तर डीफॉल्ट ब्रिजवर (डॉकरच्या मूळ नेटवर्कवर) नावाने पत्ता लागत नाही. डॉकर नेटवर्क क्रिएट करून दोन्ही त्यात घाला.

डेटाबेस कंटेनरमध्ये नसून थेट विंडोजवर असेल तर होस्टच्या जागी होस्ट.डॉकर.इंटरनल लिहा. लिनक्सवर हेच नाव वापरायचं तर कंपोजच्या एक्स्ट्रा होस्ट्समध्ये ते होस्ट-गेटवेला जोडावं लागतं.

डेटाबेसचे खास त्रास

कंपोजमध्ये पोस्टग्रेस पासवर्ड बदलला, सगळं पुन्हा सुरू केलं, तरी "पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड". यात भलेभले अडकतात. कारण असं, की पोस्टग्रेसची इमेज तो व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच वाचते. नंतर व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर डेटा टिकवून ठेवणाऱ्या जागेत) जुना डेटाबेस असतो आणि त्यात जुनाच पासवर्ड. आत शिरून पीएसक्यूएलमधून अल्टर युजरने पासवर्ड बदला. इंटरनेटवर याला "डॉकर कंपोज डाउन -व्ही" हा उपाय लगेच सापडतो. तो चालतो, कारण त्याने व्हॉल्यूमसकट सगळा डेटा पुसला जातो. प्रोजेक्टच्या चाचणी डेटावर हरकत नाही. पण ज्या मशिनवर कारखान्याचा खरा स्टॉक भरलाय तिथे पीजी डंपने बॅकअप घेऊन तो दुसरीकडे ठेवल्याशिवाय ही कमांड टाइपसुद्धा करू नका.

इमेजचा टॅग "लेटेस्ट" ठेवला तर एक दिवस पोस्टग्रेसची पुढची मोठी आवृत्ती येते आणि जुना डेटा फोल्डर उघडायला नकार देते. आवृत्तीचा आकडा लिहूनच ठेवा.

वेब आधी उठतो, डेटाबेस अजून तयार नसतो, वेब पडतो: "डिपेंड्स ऑन" लिहिलं तरी हे होतं, कारण नुसतं तेवढं लिहिल्याने डीबीचा कंटेनर सुरू होण्याचीच वाट बघितली जाते, तयार होण्याची नाही. डीबीला हेल्थचेक द्या (पीजी इज रेडी ही कमांड त्यासाठीच आहे) आणि कंडिशनमध्ये सर्व्हिस हेल्दी लिहा.

बदल केला, तरी जुनंच दिसतंय

डॉकर कंपोज रीस्टार्ट फक्त तोच कंटेनर बंद करून चालू करतं. कंपोज फाइल किंवा एन्व्हायर्नमेंट बदललं असेल तर डॉकर कंपोज अप -डी; इमेजमध्ये कॉपी होणारा कोड बदलला असेल तर त्यालाच --बिल्ड जोडा. व्हेरिएबल नक्की काय पोचणार हे डॉकर कंपोज कॉन्फिगने आधीच दिसतं.

विंडोजवर लिहिलं, लिनक्सवर पडलं

स्टार्ट स्क्रिप्ट आत आहे, एलएसमध्ये दिसते, तरी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्समध्ये एकच. पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला ते जादा चिन्ह चिकटतं आणि त्या नावाचा शेल कुठेच नसतो. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे सीआरएलएफ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून एलएफ करा, सेव्ह करा, पुन्हा बिल्ड करा.

"एक्झेक फॉरमॅट एरर" वेगळा. मित्राने एम सिरीजच्या मॅकवर इमेज बांधली, ती एआरएमची झाली. तुमचा पीसी इंटेल किंवा एएमडीचा. बिल्ड करतानाच प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ द्यायचा.

रात्रपाळीची नोंद कालच्या तारखेत

हे खास आपल्या गावासाठी लिहितोय, कारण यंत्रमाग रात्रीही चालतात. कंटेनरचं घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसा तारीख बरोबर दिसते, म्हणून चाचणीत काही सापडत नाही. रात्री एक वाजता रात्रपाळीच्या सुपरवायझरने टॉवेलच्या गाठींची नोंद केली की कंटेनरच्या मते आदल्या दिवसाचे साडेसात वाजलेले असतात. रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधलं सगळं उत्पादन कालच्या रिपोर्टात जातं आणि हिशेब जुळत नाही. "अहो, तुमचं सॉफ्टवेअर माल कुठे पाठवतंय?" असा फोन येतो.

डॉकर कंपोज एक्झेक वेब डेट करून बघा. वेब सर्व्हिसला टीझेड हा व्हेरिएबल एशिया/कोलकाता द्या. अल्पाइन असेल तर टीझेडडेटा हे पॅकेजही टाकावं लागतं, नाहीतर सेटिंग देऊनही घड्याळ गुपचूप यूटीसीवरच राहतं. पोस्टग्रेसचा टाइमझोन वेगळा; आधीच तयार झालेल्या डेटाबेसवर टीझेड बदलून उपयोग नाही, अल्टर डेटाबेसने टाइमझोन बदला. वेळेचा कॉलम टाइमझोनसह असलेल्या प्रकारचा ठेवा, म्हणजे आधी भरलेल्या नोंदीही नंतर बरोबर वेळेत दाखवता येतात.

लाइट गेली, आली, ॲप आलं नाही

कंटेनरला आपण काही सांगितलं नसेल तर मशिन पुन्हा सुरू झाल्यावर तो बंदच राहतो. कंपोजमध्ये दोन्ही सर्व्हिसला रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड लिहा. तुम्ही मुद्दाम थांबवलेला कंटेनर त्याने परत उठत नाही, लाइट गेल्याने पडलेला उठतो. लिनक्सवर सिस्टिमसीटीएल एनेबल डॉकर केलंय का तेही बघा. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप कुणीतरी लॉगिन केल्यावरच सुरू होतं. कारखान्यात सकाळी पहिला येणारा माणूस लॉगिन करेपर्यंत ॲप बंद. म्हणून कायम चालणाऱ्या मशिनवर मी उबुंटूच टाकायला सांगतो, आणि छोटा का होईना यूपीएस.

महिन्या-दोन महिन्यांनी अचानक "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" आलं तर डॉकर सिस्टिम डीएफने जागा कुठे गेली ते बघा. जुन्या बिल्डचा कॅश डॉकर बिल्डर प्रूनने जातो. तिथे जागा गेली नसेल तर लॉग बघा: मूळ सेटिंगमध्ये कंटेनरचा लॉग कितीही वाढत जातो. लॉगिंगच्या सेटिंगमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल दिलं की तो आटोक्यात राहतो.

लॅबमध्ये इमेज उतरत नाही

सगळी लॅब एकाच इंटरनेट कनेक्शनवर असते आणि लॉगिन न करता डॉकर हबवरून (इमेजच्या ऑनलाइन भांडारातून) इमेज घेण्यावर आयपी पत्त्यानुसार मर्यादा आहे. एका तासिकेत सगळ्यांनी पुल केलं की "टू मेनी रिक्वेस्ट्स" येतो. एकाने इमेज उतरवावी, डॉकर सेव्हने ती एका फाइलमध्ये काढावी, पेन ड्राइव्हवरून बाकीच्यांनी डॉकर लोड करावी. नेट मंद असेल तेव्हा कारखान्यात न्यायलाही हाच रस्ता बरा.

मदत मागताना

यातून सुटलं नाही तर सरांना, सीनियरला किंवा एखाद्या ग्रुपवर जरूर विचारा. सोबत द्या: तुम्ही टाइप केलेली अचूक कमांड, डॉकर पीएस -ए चं आउटपुट, लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी, कंपोज फाइल, डॉकर व्हर्जन आणि मशिन विंडोज की लिनक्स ते. मोबाइलने स्क्रीनचा तिरपा फोटो काढून पाठवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. त्यातली एखादी ओळ समोरच्याला शोधून बघता आली पाहिजे. पाठवण्याआधी कंपोज फाइलमधले पासवर्ड खोडा. डॉकर इन्स्पेक्ट आणि डॉकर कंपोज कॉन्फिगच्या आउटपुटमध्येही ते उघडे दिसतात, तिथलेही खोडा.